तळी बुजवल्याने फ्लेमिंगो जाणार नाहीत

20 मे 2024 च्या रात्री दुबईहून मुंबईत उतरणारं एक विमान घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्यात शिरलं. 39 पक्षी मेले, विमान सुखरूप उतरलं. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, तेव्हा त्या घटनेचा दाखला देत मेसेज येतो: "नेरूळ-उरणची तळी बुजवा, पक्षी आपोआप जातील. नाहीतर इंजिनांना जाळी बसवा. माणसांचा जीव मोठा की गुलाबी पक्षी?"

पक्षी आपोआप जातील, हे कुणी ठरवलं? फ्लेमिंगोंचं ताट तळ्यात नाही, ठाणे खाडीत वाढलेलं आहे. ओहोटीला तिथला चिखल उघडा पडतो, त्यात ते चरतात. भरतीला चिखल बुडाला की पाणी उतरेपर्यंत पाय टेकायला म्हणून ते उथळ तळ्यांत येऊन उभे राहतात. तळं बुजवलं तरी ताट जागच्या जागीच. पक्षी येणारच, फक्त टेकायला जागा शोधत जास्त वेळ हवेत फिरणार. आणि उथळ पाणी, मोकळं रान एवढंच हवं असलेल्या पक्ष्याला विमानतळाच्या आवारात साचलेलं पाणीही चालतं.

विमानतळाजवळच्या थव्यांचा धोका खोटा नाही, अंधारात तर नाहीच. पण या थव्यांची ये-जा भरती-ओहोटीशी बांधलेली आहे, म्हणजे तिचा अंदाज बांधता येतो. कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. रडार आणि भरतीचं कोष्टक हाताशी असलेल्यांना हे जड जाऊ नये. अर्थात पक्ष्यांची तळी ठरलेली राहिली तरच. ती बुजवली की हा हिशेबही बुडाला.

जाळीचं म्हणाल, तर विमानाच्या वेगामुळे ताशी अडीचशे किलोमीटरने आदळणारा पक्षी थोपवेल इतकी दणकट जाळी जड होते, इंजिनाची हवा अडवते, तिच्यावर बर्फ धरतो. ती तुटली तर पक्ष्यासोबत धातूचे तुकडेही आत. त्यापेक्षा इंजिनच सोसणारं बनवतात. नव्या इंजिनात मेलेले पक्षी डागून चाचणी होते. मोठा पक्षी गेला तर इंजिन बंद पडलं तरी चालेल, पण फुटता कामा नये. दोन्ही इंजिनांत एकदम थवा गेला तर मात्र याचाही इलाज नाही. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये कॅनडा गूज या मोठ्या, हंसासारख्या पक्ष्यांमुळे तेच झालं. वैमानिकाने विमान हडसन नदीवर उतरवलं, 155 जण वाचले. पुढे त्या शहराने स्थानिक गूज मारायला घेतले. पिसांच्या तपासणीत निघालं होतं की धडकलेले पक्षी स्थलांतरित, लांबून आलेले!

राहिला जिवाचा प्रश्न. त्याची खरंच काळजी असेल तर आपल्याकडे आधी घारीकडे बघायला हवं. घार हिंडते आकाशी, चित्त तिचे उकिरड्यापाशी. 1937 च्या विमान नियमांतच विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत जनावरं कापायला, कातडी सोलायला, पक्षी जमतील असा कचरा टाकायला मनाई आहे. त्यात गिधाडांचा नावानिशी उल्लेख आहे. गिधाडं जवळपास संपली, उकिरडे राहिले. मासळीबाजारामागचा ढीग रोज उचलला गेला तर घारींच्या घिरट्या कमी होतात, आणि त्यासाठी एकही तळं बुजवावं लागत नाही.