सिंगर टॉवर ट्विन टॉवरसाठी पाडला नव्हता

‘ट्विन टॉवर उभारण्यासाठी पाडलेली जगातली पहिली गगनचुंबी इमारत’ अशा ओळीसह न्यूयॉर्कच्या सिंगर टॉवरचा फोटो सध्या फिरतोय. फोटो खरा, बाकी दोन्ही गोष्टी चूक.

पहिली गगनचुंबी म्हणून सहसा शिकागोच्या १८८५च्या होम इन्शुरन्स इमारतीचं नाव घेतात. सिंगर टॉवर १९०८मध्ये पुरा झाला. सुमारे १८७ मीटर उंच. जगात सर्वांत उंच ठरला, पण जेमतेम वर्षभर. वास्तुविशारद अर्नेस्ट फ्लॅग. आणि सिंगर म्हणजे तेच, आपल्या आजीच्या शिलाई मशीनवालं! खालच्या दालनात संगमरवरी खांबांवर कांस्याची पदकं होती, त्यांवर चक्क सुई, दोरा आणि बॉबिन.

१९६७ ते ६९ दरम्यान तो पाडला गेला तो यू.एस. स्टील कंपनीच्या नव्या इमारतीसाठी. तिथे आज वन लिबर्टी प्लाझा उभी आहे. ट्विन टॉवरची जागा वेगळी, फक्त जवळची; त्यातून हा घोळ झाला असावा. सिंगरचा मनोरा जेमतेम २० मीटर रुंद, त्यामुळे एकेका मजल्यावर जागा फारच कमी. मोठ्या कार्यालयांना ती पुरेना. वारसा जपणारा शहराचा आयोग १९६५पासून होता, पण संरक्षित यादीत या इमारतीचं नाव आलंच नाही.