‘सर्वस्व विका’ ही आज्ञा सरसकट नव्हती

येशूने प्रत्येक अनुयायाला मालमत्ता विकायला सांगितले, म्हणून पैसा बाळगणारा ख्रिस्ती माणूस श्रद्धेशी प्रतारणा करतो, असा फिरत असलेला दावा अर्धवट आहे. बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानातील १०व्या अध्यायातले ते शब्द एका श्रीमंत माणसाला उद्देशून आहेत. धनाची चाकरी करू नका, ही ताकीद मात्र सर्वांनाच आहे, हे मान्य करायला हवे. लूकच्या शुभवर्तमानातील १९व्या अध्यायात जक्कय हा मुख्य जकातदार निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि कोणाचे अन्यायाने घेतले असल्यास चौपट परत करण्याचे स्वतःहून कबूल करतो, तेव्हा उरलेल्या निम्म्याबद्दल येशू चकार शब्द काढत नाही. (चौपट फेडल्यावर त्यातले कितीसे उरले असेल, हा भाग वेगळा.) ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल यानेही करिंथ या ग्रीक शहरात तंबू बनवण्याच्या धंद्यावर पोट भरत धर्मसेवा केली.