आधी ट्रायपॉड लावा, मग ध्यान

ध्यानाला बसायचं ठरवलंय? शाब्बास. आधी खरेदी उरका. गोल गादी, तिबेटी वाटी, पांढरा कुर्ता. घरातली उशी दुमडून बुडाखाली घेतली की गुडघे खाली येतात आणि पाठ ताठ राहते, हे खरं. पण उशीचा फोटो काय चांगला येणार?

मग शिबिर गाठा. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा जो अभ्यासक्रम सुरू केला, तो आजही आठ आठवडे चालतो. तिकडच्या लोकांना वेळच वेळ. आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत तेच काम एका रविवारी होतं, इडली-वड्यासकट.

खुर्चीवर बसू नका, पाप लागतं.

प्रशिक्षक 'विचार बंद करा' म्हणाले की लगेच करा. उसाचं बिल अडकलंय, बंद. पोराच्या शाळेचा फॉर्म परत कानडीतच आलाय, बंद. २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला आपला सीमाप्रश्नाचा दावा मात्र असू द्या. ध्यान न लावता स्वस्थ बसायची सवय आपल्याला त्यानंच लावलीय.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मोबाईल. तो ट्रायपॉडवर चढवून आपल्या तोंडासमोर ठेवा. परवाच्या शिबिरात शेजारच्या गृहस्थांनी तसंच केलं. डोळे मिटले, ओठांवर बारीक हसू आणलं, मग एक डोळा उघडून स्क्रीन तपासली. कुर्त्याची सुरकुती सारखी केली. परत डोळे मिटले. माझा श्वास कुठं जरा जाग्यावर येतोय, तोवर कानाशी कुजबुज: "काका, जरा तिकडं सरकतासा काय? फ्रेममध्ये यायलासा." सरकलो. दहा मिनिटांनी परत तेच, कारण पहिल्या वेळी म्हणे उजेड कमी होता! पैसे मीही भरलेत की हो! आणि समोर बसलेले प्रशिक्षक काय करत होते? हसत होते. रीलमध्ये त्यांचंही नाव येणार होतं ना.

काय चाललंय हे? विचार बंद होत नसतात, कुणाचेच. नाकपुडीशी श्वास येतोय-जातोय, तिकडं लक्ष ठेवायचं. मन उसाच्या बिलाकडं पळणारच. पळालं हे कळलं की न चिडता परत श्वासाकडं यायचं. शंभरदा पळालं तर शंभरदा परत. हाच तो व्यायाम, दुसरं काही नाही, आणि याला एक रुपया लागत नाही. सुरुवातीला रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं पुरतात. पाय आखडले तर सावकाश हलवा, गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्चीवर बसा. पण तेवढंही तुमच्यानं होत नाही, कारण घरी एकट्यानं बसलात तर बघणार कोण? हजारांची पावती फाडाल, सर्टिफिकेट स्टेटसला लावाल आणि सोमवारी रेल्वेच्या दुसऱ्या गेटावर फाटक पडलं की दोन मिनिटांत हॉर्न बडवायला लागाल.

बसा की गप घरात. आणि तो मोबाईल पलीकडच्या खोलीत ठेवून या. पलीकडच्या खोलीत म्हणतोय, मांडीखाली नव्हे.