‘कलमं तोडली तर फार तर तीन महिने’: हा मेसेज कुठे कुठे चुकतो

आंब्याला मोहोर धरला की एक मेसेज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपवर फिरायला लागतो. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक आमच्या भावकीचाच. मजकूर थोडक्यात असा: “बागायतदारांनो, कोणी आंब्याची कलमं तोडली, पाइप कापला, तर कायद्यात फार तर तीन महिने कैद. पोलीस एनसी लिहून घरी पाठवतात. हिस्सेदाराने तोडलं तर गुन्हाच नाही. मुंबईहून मे महिन्यात आलात तर मुदत संपलेली. म्हणून कुंपणात करंट सोडा. आपल्या हद्दीत मालकच राजा.”

यात एक अर्धं खरं आहे, बाकी चूक. आणि शेवटचा करंटचा सल्ला तर मालकालाच आत पाठवणारा आहे.

“फार तर तीन महिने.” ही शिक्षा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२६ मधली. ती संहिता १ जुलै २०२४ पासून गेली. पण ती असतानाही हे खरं नव्हतं, कारण पुढचंच कलम ४२७ सांगत होतं की नुकसान ५० रुपये किंवा जास्त असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद. ५० रुपयांत आज चांगला हापूस एकसुद्धा मिळेल की नाही, शंकाच आहे.

आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ लागतं. कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला ‘आगळीक’ म्हणतात. ऐकून वाटतं शेजारच्या पोराने जीभ काढून दाखवली. पण नुकसान २० हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख किंवा वर गेलं तर पाच वर्षांपर्यंत. किंवा दंड, किंवा दोन्ही. २० हजारांच्या खाली फार तर सहा महिने ते एक वर्ष. म्हणजे १५ हजारांच्या नुकसानीला जुन्या कायद्यात दोन वर्षं होती, ती नव्यात कमी झाली. मेसेज लिहिणाऱ्याने यावर ओरड केली असती तर मीही तो पुढे पाठवला असता.

शिवाय बागेतली प्रत्येक नासधूस ३२४ मध्येच बसते असं नाही. शेतीला येणारं पाणी तोडलं किंवा कमी केलं तर कलम ३२६, पाच वर्षांपर्यंत. पोफळीच्या आगराला येणारा पाट फोडणं, वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, वरचा बंधारा रात्री मोकळा करणं, हे त्यात येतं. ऐन चैत्रात चार दिवस पाणी नाही मिळालं तर पोफळ कशी माना टाकते ते ज्याने पाहिलंय त्याला ही शिक्षा जास्त वाटणार नाही. मुद्दाम आग लावून पीक जाळलं तर सात वर्षांपर्यंत. आणि ज्या मांगरात तुम्ही अवजारं, गवत, काजू ठेवता तो पेटवला तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप, कारण माल ठेवण्याची इमारत राहत्या घराच्याच रांगेत धरली आहे. भाताच्या रोपासाठी राब भाजताना आग शेजारच्या काजूत गेली तर मात्र गोष्ट वेगळी. तो निष्काळजीपणा, आगळीक नव्हे. आगळिकीला हेतू लागतो, किंवा नुकसान होणार याची जाणीव तरी.

“पोलीस एनसी लिहून घरी पाठवतात.” हे ते अर्धं खरं. एक लाखाच्या खालची आगळीक अदखलपात्र आहे आणि एनसी म्हणजे अशा गुन्ह्याची नुसती नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यात ठाणे अंमलदाराचा आळस नाही. एक लाखाच्या वर, किंवा पाणी, आग, जनावर मारणं असेल तर गुन्हा दखलपात्र होतो आणि एफआयआर घ्यावा लागतो, फार तर काही गुन्ह्यांत आधी १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी होऊ शकते.

म्हणजे सगळा खेळ आकड्यावर आला. आणि आकडा आपणच घालवतो. आमच्या काकांची ११ कलमं कोणी तरी कोयतीने बुंध्यापासून दीड हातावर उडवली. नऊ वर्षांची कलमं, दोन हंगाम धरलेली. काका तावातावाने गेले आणि लिहून आले: “काही झाडांचे नुकसान, अंदाजे पाच हजार.” पाच हजार का, विचारलं तर म्हणाले, “जास्त सांगितलं तर खोटं वाटेल म्हणून.” नऊ वर्षांचं खत, पाणी, फवारणी, गड्याची मजुरी त्यांनी भिडेखातर सोडून दिली. मग आम्ही बसून यादी केली. प्रत्येक कलमाचं वय, खोडाचा घेर, मागच्या वर्षीच्या पेट्या, कापलेल्या पाइपचं बिल, तोडलेल्या बुंध्याशेजारी फूटपट्टी धरून काढलेले फोटो. सातबाऱ्यावर झाडांची नोंद होती म्हणून कलमं होती की नव्हती हा वाद तरी झाला नाही. पुरवणी अर्जात आकडा लाखाच्या पुढे गेला आणि त्यात एक रुपयाही फुगवलेला नव्हता.

एनसीच झाली तरी दार बंद होत नाही. न्यायदंडाधिकाऱ्याकडे थेट खाजगी तक्रार करता येते. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा, त्याला अतिक्रमणाच्या दिवसापासून तीन वर्षं आहेत.

“हिस्सेदाराने तोडलं तर गुन्हाच नाही.” हा मुद्दा कोकणात सगळ्यात जास्त चालतो, कारण आपला सातबारा म्हणजे अर्धी गणपतीची पंगत. २७ नावं, त्यातली नऊ वारलेली, सहा बोरिवलीत. त्यामुळे “सामायिक आहे, माझंही झाड आहे, मी तोडीन” हे ऐकून माणसं गप्प बसतात. कलम ३२४ च्या स्पष्टीकरणात सरळ लिहिलंय की मालमत्ता गुन्हा करणाऱ्याची स्वतःची असो वा त्याच्यासह इतरांच्या मालकीची असो, आगळीक होऊ शकते. बाकीच्यांचं नुकसान करायच्या हेतूने तोडलं, तर नाव सातबाऱ्यावर आहे एवढ्याने सुटका नाही. हां, आपल्या हिश्शातलंच झाड आहे अशा प्रामाणिक समजुतीने तोडलं असेल तर तो बचाव टिकू शकतो. म्हणून वाटप कागदावर नसेल तर ही केस कठीण जाते. पण कठीण म्हणजे गुन्हाच नाही, असं नव्हे.

गुरांचंही तेच. भात कापून झालं की गुरं मोकळी सोडायची जुनी रीत आहे आणि चुकून शिरलेल्या गाईवरून कोणी फौजदारी करू नये. पण जाणूनबुजून दुसऱ्याच्या पिकात गुरं घालणं हे आगळिकीचं उदाहरण म्हणून खुद्द कायद्यातच दिलं आहे. नुसती भरकटलेली गुरं असतील तर १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे. धरा आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवा. तुमच्या ग्रामपंचायतीचा कोंडवाडा अजून उभा असेल तर.

“मे महिन्यात आलात तर मुदत संपलेली.” चूक. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला तीन वर्षं, त्यावर मुदतच नाही. आणि गुन्हा झाल्याचं माहीतच नव्हतं तर मोजणी कळल्या दिवसापासून. चाकरमान्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता तो करंट. मालमत्तेच्या बचावाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढाच, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तोही नाही. साध्या आंबेचोरासाठी जीव घेण्यापर्यंत तो कधीच जात नाही. कुंपणाची तार तर कोण आला तेही बघत नाही. रानडुकरासाठी लावली म्हणता, पण पहाटे त्याच वाटेने कामाला येणारा गडी असतो, काजू वेचायला येणारी बाई असते. कोणी मेलं तर मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो, त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. खांबावर आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीजचोरीची तीन वर्षांपर्यंतची कैद वेगळी. बाजारात मिळणारं सौर कुंपण क्षणभराचा झटका देऊन सोडतं, ते निराळं. मेसेजमधला करंट म्हणजे मेन लाइनचा.

काकांनीही बाजारातून तारेचं बंडल आणलं होतं. सध्या ते मांगराच्या आढ्याला टांगलंय, त्यावर काकू गोधड्या वाळत घालते.