सर्टिफिकेट दाखवून पॅरालिम्पिकचं पदक मिळत नाही

गोल्फ क्लबवर सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींच्या ग्रुपातला एक मेसेज फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिला डावा हात कोपरापासून नाही. ती गोळाफेक करते. मेसेज म्हणतो: पॅरालिम्पिकची पदकं स्वस्त असतात, अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलं की कुणीही तिथं जातं, आणि पेपरवाले दयेपोटी या खेळाडूंना नको तेवढी जागा देतात. वर ‘कटू पण सत्य’ हा शिक्का.

आधी ते सर्टिफिकेट. सिव्हिलमधून मिळालेला कागद एसटीच्या सवलतीला चालतो. पॅरालिम्पिकला त्यांचं स्वतःचं पॅनल खेळाडूला तपासतं. स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल बघतं, प्रत्यक्ष खेळताना बघतं आणि मगच गट ठरवतं. टोकियोत आपल्या विनोद कुमारनं थाळीफेकीच्या एफ 52 या, बसून फेकणाऱ्यांच्या गटात ब्राँझ जिंकलं. आक्षेप आला, फेरतपासणी झाली, तो त्या गटात बसत नाही असं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी पदक गेलं. इतकी सोपी असते होय एंट्री? सर्टिफिकेटांचे घोळ आपल्याकडे नोकरभरतीत गाजतात, त्याचा राग गोळा फेकणाऱ्या पोरीवर कशाला काढता?

पदकं स्वस्त? बरं, पॅरिसला पॅरालिम्पिकमध्ये 549 सुवर्णपदकं होती, ऑलिंपिकमध्ये 329. आणि पॅरालिम्पिकचे खेळाडू निम्म्याहूनही कमी. एवढं कबूल. त्यामुळे आपल्या 29 पदकांवरून ऑलिंपिकच्या 6 पदकांना हिणवणारेही चुकतातच.

राहिली पेपरातली जागा. दया असते, हे खरंय. पण आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीचं बघा. पॅरिसलाच एफ 46 या, हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या गटात त्यानं 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. सुवर्णपदक 16.38 ला गेलं, ब्राँझ 16.27 ला. म्हणजे दोन पदकांमध्ये जेमतेम काडेपेटीएवढं अंतर! क्रिकेटमध्ये असं काही झालं असतं तर आठवडाभर ग्राफिक्स छापली असती. मी वाचलेल्या बातमीत मात्र लहानपणचा अपघात, हात, आईवडिलांचे कष्ट यांनी कॉलम भरला होता. ते सहा सेंटीमीटर कुठेच नाहीत. त्याच फेकीनं त्यानं स्वतःचा आशियाई विक्रमही मोडला होता, त्यालाही जागा उरली नव्हती.