‘न्यूज’मध्ये चार दिशा नाहीत

शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा आला. ‘हे फुल फॉर्म तुम्हाला माहीत आहेत का?’ न्यूजपेपर म्हणजे ‘नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, पास्ट अँड प्रेझेंट इव्हेंट्स रिपोर्ट’. चेस म्हणजे ‘चॅरिअट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स’. टी म्हणजे ‘टेस्ट अँड एनर्जी अ‍ॅडमिटेड’. पुढे पेन, ईट, स्माइल, बाय. शेवटी हात जोडलेले आणि ‘मुलांना जरूर पाठवा’. मुलांपर्यंत जाणार म्हणूनच हे लिहितोय.

‘न्यूज’ हे ‘न्यू’चं अनेकवचन. नव्या गोष्टी, बस. फ्रेंच लोकही बातम्यांना ‘नव्या’ असंच म्हणतात, ‘नुव्हेल’. सोळाव्या शतकात त्याचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही होत असे. तो दुसरा ‘ई’ कुठल्या दिशेचा?

मुळात आद्याक्षरं जुळवून शब्द पाडायची टूम इंग्रजीत बोकाळली ती विसाव्या शतकात. रडार १९४० चा, लेसर १९५९ चा. ते खरेच फुल फॉर्मवाले. अशा शब्दांना ‘अ‍ॅक्रोनिम’ म्हणणंसुद्धा १९४० च्या दशकातलं.

‘टी’ आला दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या ‘ते’वरून, डच व्यापाऱ्यांबरोबर. चीनच्या इतर भागांतला ‘चा’ आपल्याकडे चहा झाला. सॅम्युअल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्याने २५ सप्टेंबर १६६० च्या डायरीत आयुष्यातला पहिला चहा नोंदवला, तो टी-ई-ई असा. म्हणजे त्याच्या चहात ‘अ‍ॅडमिटेड’चा ‘ए’ नव्हताच! ‘पेन’ म्हणजे लॅटिन ‘पेना’, पक्ष्याचं पीस. त्याच्याच टोकाने लिहीत.

‘ईट’ आणि ‘स्माइल’ तर आपल्या नात्यातले. ‘ईट’चा भाऊबंद संस्कृत ‘अद्’, ज्यातून आपलं ‘अन्न’ आलं. ‘स्माइल’चं गोत्र ‘स्मित’चं. (लगेच ‘बघा, इंग्रजी संस्कृतातून निघाली’ असा नवा मेसेज नको. दोघींची आजी एक, एवढंच.)

बुद्धिबळाचं प्रकरण जरा वेगळं, कारण त्यात अर्धं खरं आहे. रथ, घोडे, हत्ती, पायदळ ही चार अंगं म्हणून ‘चतुरंग’. तेच फारसीत ‘चतरंग’ आणि अरबीत ‘शतरंज’ झालं. पण ‘चेस’ हा शब्द या वाटेने आलेला नाही. तो आला ‘शाह’वरून, म्हणजे फारसी राजावरून. राजावर हल्ला झाला की समोरचा ‘शाह!’ म्हणून सावध करायचा. ती हाक अरबी-लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये गेली. तिथल्या तिच्या एकवचनातून इंग्रजी ‘चेक’ निघाला, अनेकवचनातून ‘चेस’. आपण पटावर ‘शह’ देतो तोही हाच शाह. म्हणजे कट्ट्यावर आजोबांनी ‘शह’ म्हटलं आणि नातवाने मोबाइलवर ‘चेक’ म्हटलं, तर दोघे एकच शब्द बोलले. बँकेचा चेकही याच घराण्यातला. एवढी मोठी यात्रा टाकून चार आद्याक्षरं कशाला कवटाळायची, मला कळत नाही.

राहिला ‘बाय’. मेसेज म्हणतो, ‘बी विथ यू एव्हरीटाइम’. इथे मात्र त्यांचा अंधारातला दगड जवळपास लागलाय. ‘गुडबाय’ हे ‘गॉड बी विथ ये’ (‘ये’ म्हणजे जुनं ‘यू’) घासून झालेलं, सोळाव्या शतकातलं. ‘बी विथ यू’ बरोबर आहे. ‘एव्हरीटाइम’ पदरचं. आणि मुळात होता तो देव मात्र गाळलेला.