‘नुसती जुळवाजुळव’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

गेल्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं की शेव्हरले एसएस ही अमेरिकेत विकली गेलेली दणकट व्ही८ (आठ सिलिंडरची) सेडान खरी जन्मली ऑस्ट्रेलियात, जनरल मोटर्सच्या तिथल्या होल्डन कंपनीच्या घरात. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की इंजिन अमेरिकन, गिअरबॉक्स अमेरिकन, मालक जनरल मोटर्स, होल्डनची १९४८ ची पहिली गाडीसुद्धा मुळात डेट्रॉइटच्याच आराखड्यावरची. तेव्हा ‘होल्डनने केली ती नुसती जुळवाजुळव’. लेखातला एक आकडाही चुकलाय. आणि शेवटी, ‘काका, गाड्या हाताळाव्या लागतात. गूगलवरून उचलून ज्ञान पाजळू नका.’

आकड्याचं आधी. होल्डनने बनवलेली आणि अमेरिकेत विकलेली २००४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ४०० अश्वशक्तीची नव्हती, ३५० ची होती. ४०० आली पुढच्या वर्षी, सहा लिटरचं एलएस२ इंजिन बसवल्यावर. चूक माझी. दुरुस्त केली आहे आणि त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

आता ते शेवटचं वाक्य. मला कुणी काका म्हणावं याचं वाईट वाटत नाही, सोसायटीतली सगळी मुलं म्हणतात. पण ज्या तोंडाने काका म्हणायचं त्याच तोंडाने चोर ठरवायचं, हे मला सहन होत नाही. ‘उचलून’ या शब्दाला मराठीत दुसरा अर्थ नाही. लेख पटला नाही तर पटला नाही असं लिहा, चार मुद्दे मांडा, मी रात्र जागून उत्तर देईन. पण समोरचा माणूस आयुष्यभर काय करत आलाय हे न विचारता त्याला शिकवायला निघायचं, ही कुठली रीत?

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमध्ये मी अकरा वर्षं काढली. ऑगस्टच्या उन्हात लिफ्टखाली उभं राहिलं की तापलेल्या सायलेन्सरची झळ थेट टाळूला लागायची. तिकडे शेव्हरले लुमिना म्हणून जी गाडी विकली जायची, ती होल्डन कमोडोरच. कॅप्रिसही तिथलीच. ग्राहक ‘अमेरिकन गाडी’ म्हणून मिरवायचे आणि आम्ही बॉनेट उघडून मेड इन ऑस्ट्रेलियाची पट्टी बघायचो. एसएसवर माझा हात पडला नाही, हे लेखातच लिहिलंय. पण एसएस ज्या घराण्यातली, त्या घराण्याची गाडी मी पुढची-मागची सगळी खोलली आहे.

म्हणून ‘नुसती जुळवाजुळव’ हे दोन शब्द मी सोडणार नाही.

जुनी लुमिना म्हणजे १९९७ च्या व्हीटी कमोडोरची पिढी. ती जर्मनीच्या ओपेल ओमेगावरून बेतलेली होती, हे मी कधीच नाकारलं नाही. तिच्या मागच्या चाकांना सेमी-ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणारा दांडा. या आर्मचा पिन तिरका असतो, त्यामुळे चाक वर गेलं की नुसतं वर जात नाही, आत कलतं. डिकीत सामान भरून रोज दुबई-अबू धाबी करणाऱ्यांच्या गाडीचे मागचे टायर आतल्या कडेने खलास व्हायचे. बाहेरून टायर नवाकोरा, आत हात घातला की तारा लागायच्या. ग्राहकाला वाटायचं अलाइनमेंट करणाऱ्याने फसवलं. मी स्वतः शिव्या खाल्ल्यात त्यापायी.

मग २००६ ची व्हीई, म्हणजे कमोडोरची नवी पिढी आली. पहिली नवी लुमिना लिफ्टवर चढवली तो दिवस मला लख्ख आठवतो. मागे ती तिरकी रचना गायब, पूर्ण मल्टी-लिंक, म्हणजे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरलेलं. इलेक्ट्रिशियन बॉनेटमध्ये बॅटरी शोधत बसला, ती होती डिकीत, वजन मागे नेण्यासाठी. पुढची चाकं पुढे सरकवलेली, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर आधीपेक्षा सव्वाशे मिलिमीटरने वाढून २,९१५ झालेलं. हँडब्रेकचा दांडा कन्सोलच्या कडेला असा बसवलेला की डाव्या आणि उजव्या, दोन्ही स्टिअरिंगला बाजू बदलून चालावा. म्हणजे पहिली रेघ मारतानाच परदेशी बाजार डोळ्यांसमोर होता.

आणि हे का घडलं? कारण २००३ मध्ये ओपेलने ओमेगा बंद केली आणि इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी दुसरी मोठी गाडी काढलीच नाही. होल्डनला बेतायला कापडच उरलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःचं विणलं. झेटा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा पायाभूत सांगाडा, तो हाच. मेलबर्नमध्ये आराखडे, लँग लँगच्या ट्रॅकवर चाचण्या आणि एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च. जुळवाजुळवीला एवढे पैसे लागत नाहीत हो. त्याच व्हीईवरून २००८ मध्ये पाँटिअ‍ॅक जी८ निघाली. २००९ च्या शेव्हरले कॅमॅरोचं रूप अमेरिकेत ठरलं, पण तिच्या खालची अभियांत्रिकी होल्डनने केली. अमेरिकेची इतकी लाडकी गाडी, तिची हाडं ऑस्ट्रेलियात घडली. एसएस आली व्हीईनंतरच्या व्हीएफ पिढीतून, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनिअमचं, ६.२ लिटरचं एलएस३ इंजिन, ४१५ अश्वशक्ती. अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथ कारखान्यात जोडून जहाजाने अमेरिकेला जायची.

इंजिन अमेरिकन आहे, कुणी नाही म्हटलं? लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ते आहे. गिअरबॉक्सचंही तेच. मालक कोण होता हा हिशेबनिसाचा प्रश्न आहे, गाडी कुणी घडवली याचा नाही. १९४८ च्या पहिल्या होल्डनचा (४८-२१५) आराखडा अमेरिकेत बाजूला ठेवलेल्या गाडीवरचा होता, हेही खरं. पण त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी बनलेल्या गाडीशी त्याचा काय संबंध, ते तुम्हीच जाणे. तुम्ही विक्रीबद्दलही बरंच लिहिलंय. त्यात मी शिरत नाही, माझा लेख विक्रीवर नव्हता.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे, ती बोलून टाकतो. एलिझाबेथचा कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला. मी तोवर पुण्याला परतलो होतो. शेवटची गाडी बाहेर पडतानाची चित्रफीत मोबाइलवर पाहिली आणि माझी पत्नी विचारत होती, कोण गेलं? ज्या लोकांनी कोऱ्या कागदावरून ती गाडी उभी केली, त्यांच्या कामाला इथे बसून कुणी जुळवाजुळव म्हणावं, याचा मला राग येतो. तुमच्या ‘गूगल’पेक्षा त्याचा जास्त येतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही, शेवटच्या ओळीसकट ती तिथे राहील. लेखात ४०० चे ३५० केले आहेत. बाकी एक अक्षर बदललेलं नाही. तुमचे कुणी नातेवाईक आखातात असतील आणि त्यांच्या ओळखीत जुनी आणि नवी, अशा दोन्ही लुमिना असतील, तर दोन्हींच्या मागच्या टायरच्या आतल्या कडेचे फोटो मागवून घ्या आणि इथेच टाका.